बर्फातलं पायताण

रोप लावताना चिखलात पाय कसा रुततो? भुसभुशीत बर्फातही तसाच. म्हणून तिथं बुटाखाली रुंद पायताण बांधतात; वजन पसरतं, पाय वर राहतो. कडक बर्फावर मात्र टोकदार खिळ्यांचं लागतं.

आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर मे २०२२ मध्ये ८,८४८ मीटर उंच एव्हरेस्टवर पोचली. पण २०२१ साली खराब हवामानामुळं ती शिखर न गाठताच परतली होती. मला तर तेच जास्त अवघड वाटतं. पैसा खर्च झालेला, सगळे वाट बघतायत, आणि मागं फिरायचं!

आमच्या गटातली एक वहिनी म्हणाली, "शेवयांच्या यंत्राचं कर्ज यंदा नको, पाऊस नाही." बायका हसल्या. मी त्यांना कस्तुरीचं २०२१ साल सांगितलं. वहिनी पुढच्या वर्षी अर्ज करणार आहेत.