आठ बाय चारचा फळा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळेत मी फळ्याजवळ यायचो ते गणित चुकलं म्हणूनच. आज त्याच फळ्याचा हिशोब द्यायला उभा आहे.

गेल्या दिवाळीत आपण ठरवलं, शाळेच्या आठ वर्गांना पांढरे फळे द्यायचे. खडूच्या धुळीनं बाईंना येणारा खोकला आपण सगळ्यांनी ऐकलाय. वर्गणी जमली 32,000 रुपये. त्यात कुणाचे पाच हजार, तर कुणाचे दोनशे. आणि ते दोनशेच जास्त जड असणार, हे मला ठाऊक होतं. खरेदी मी अंगावर घेतली. "दोन दिवसांत करतो," असं ग्रुपवर लिहिलं. लागले चार महिने.

इंटरनेटवर फळे ढिगानं आहेत. पण दोन बाय तीनच्या फळ्याची किंमत दिसते, आणि आठ बाय चार म्हटलं की किंमत गायब! तिथे लिहिलेलं, 'दरासाठी संपर्क करा'. मोबाइल नंबर दिला, ओटीपी दिला. तासाभरात अकरा फोन. एकाला शंभर फळ्यांखाली ऑर्डर नको होती. एकजण मला नोटीस बोर्डच विकत होता. ज्याचा दर जमला त्याचा कर वेगळा, पॅकिंग वेगळं, वाहतूक वेगळी. आणि आपला पिनकोड टाकला की उत्तर यायचं, 'या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही'.

शेवटी नमुन्याला एक फळा मागवला. तीन आठवड्यांतच त्यावर पुसलेली अक्षरं भुतासारखी दिसू लागली. तक्रार केली, तर परत करायची मुदत सात दिवसांचीच होती. ते पैसे मी माझ्या खिशातून भरले, हिशोबात धरलेले नाहीत.

तेव्हा कुठे मी नीट माहिती काढली. मार्करच्या शाईत एक तेलकट द्रव्य असतं, ते रंगाला चिकटू देत नाही. पण त्यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत आणि बिनछिद्रांचा हवा. स्वस्त फळ्यावरचा थर पातळ. तो घासला गेला की शाई आत मुरते. सर्वांत टिकाऊ म्हणजे पोलादी पत्र्यावर काचेचा मुलामा भाजलेला फळा, पण तो आपल्या वर्गणीत बसेना. काचेचा म्हणावा, तर पाच मिलिमीटर जाडीची आठ बाय चार काच सदतीस किलोच्या आसपास भरते. आपल्या शाळेच्या भिंती सर्वांनाच माहीत आहेत!

एक दिवस प्लायवूडच्या दुकानात पांढरी सनमायका बघत होतो. मागून आवाज आला, "घरात लावतोयस का?" तो आपला वर्गमित्र. आता सुतारकाम करतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चकचकीत पांढरी घे, खरखरीत नको. आधी तुकडा ने, त्यावर लिही, आठ दिवस ठेव, मग पूस."

तसं केलं. स्वच्छ पुसलं गेलं.

बारा मिलिमीटरच्या प्लायवर त्यानं सनमायका चिकटवली. एकाच बाजूला लावली की प्लाय वाकतो, म्हणून मागे लाकडी पट्ट्या मारल्या. फळा टांगताना वरची कड थोडी पुढे झुकवली. मी कारण विचारलं. म्हणाला, "खिडकीचा उजेड चमकतो रे. झुकवला की चमक खाली जाते. मी कायम शेवटच्या बाकावर. तिथून मला फळा धड कधी दिसलाच नाही."

एक फळा पडला 3,850 रुपयांना, मजुरी धरून. आठांचे 30,800. उरलेल्या 1,200 रुपयांत मार्कर, डस्टर आणि डाग पुसायला स्पिरिट घेतलं. कुणी चुकून पक्क्या मार्करनं लिहिलंच, तर त्यावर साध्या मार्करनं गिरवा आणि लगेच पुसा. निघतं.

आता शेवटची गोष्ट. फळ्याखाली लिहायचा मजकूर मी त्याच्याकडे दिला होता: 'दहावी 1993 च्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट'. त्यानं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "लिहितो. पण मग ह्यात मी नाही."

तो नववीत नापास झाला आणि शाळा सुटली. आपण ग्रुप केला तो दहावीच्या यादीवरून. पाच वर्षं आपल्यासोबत डबा खाल्लेला मुलगा त्या यादीत नव्हता, आणि आपल्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

मजकूर मी कुणालाही न विचारता बदलला, त्याची माफी मागतो. आठही फळ्यांखाली आता लिहिलंय: '1987 साली पाचवीत आलेल्या मुलांकडून'.

तो आज आलाय. सवयीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसलाय. बाई, त्याला पुढे बोलवा. तुमचं तो ऐकेल.