कागदावरचं लग्न आणि लोकांच्या मनातलं



विषयाचं नाव वाचून प्रेमविवाहांवर चर्चा होईल असं काहींना वाटलं असेल. मला बोलायचंय ते जोडीदार गेल्यानंतर मागे राहणाऱ्याबद्दल. कुणाची सत्ता किती, हे त्या वेळी नेमकं कळतं.

जानेवारी २०१६. ब्रिटनहून मधुचंद्रासाठी ॲडलेडला आलेल्या दोन तरुणांपैकी एक जिन्यावरून पडून वारला. दोघांचं लग्न ब्रिटनमध्ये रीतसर झालेलं. पण साउथ ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा कायदा ते मानत नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावर शेरा काय, तर 'कधीही विवाह झाला नाही'! अंत्यविधीबद्दलही आधी विचारायचं ते मृताच्या वडिलांना. वडील मुलाच्या बाजूचे होते म्हणून निभावलं. (नसते तर?) प्रीमियर जे वेदरिल यांनी माफी मागितली. डिसेंबर २०१७ मध्ये देशभर समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली.

कायदा झाला म्हणजे प्रश्न मिटला, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच इतिहासात आहे.

१५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं. ते ५७ वर्षांचे, मधुमेहाने बेजार. त्या ३९ वर्षांच्या, सारस्वत ब्राह्मण घरातल्या, मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या. अनेक अनुयायांना हे लग्न रुचलं नाही. पण इथे कागद चोख होता. राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या माणसाचंच लग्न ते! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दोघांनी एकत्र धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

आणि माईसाहेबांवर विषप्रयोगाचा संशय घेतला गेला. सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक ठरला. मी व्यवसायाने संशोधक. वर्षानुवर्षं मधुमेह असलेला, खंगलेला ६५ वर्षांचा माणूस झोपेत जातो, याला विष हे स्पष्टीकरण शोधावंच का लागतं, हे मला कळत नाही. खरं तर कळतं. ब्राह्मण बाई आणि तिने नवऱ्याची मनापासून केलेली शुश्रूषा, हे समीकरण पुष्कळांच्या डोक्यात बसतच नव्हतं. बाबासाहेबांनी आपलं स्वातंत्र्य वापरलं, त्याची किंमत त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने ४६ वर्षं मोजली. त्यातली बरीच वर्षं दिल्लीत एकाकी गेली. सत्तरच्या दशकात दलित पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा लोकांत आणलं, हे त्या तरुणांचं मोठेपण. १९९० मध्ये बाबासाहेबांचा मरणोत्तर भारतरत्न त्यांनीच स्वीकारला. २९ मे २००३ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. संशय मात्र आजही मोबाइलवर फिरतो. आपल्या इथल्या मंडळींतही मी तो ऐकलाय, आणि सांगणारे चांगले शिकलेले.

याबाबत खुद्द बाबासाहेबांची साक्ष आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत, आपण आजारातून सावरून लिहू शकलो याचं श्रेय त्यांनी पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये ग्रंथ छापला गेला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.