साहसी माणसाचे मन



कुणी दोराविना कडा चढल्याची बातमी वाचली की आपल्या तोंडून ‘वेडा’ किंवा ‘वीर’ हे दोनच शब्द निघतात. आमच्या मते दोन्ही घाईचे आहेत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी १९६४ साली या ओढीचे मोजमाप करणारी प्रश्नावली सिद्ध केली. पुढे त्यांनी तिचे चार धागे निराळे केले : साहसाची आवड, नव्या अनुभवाची भूक, संयमाचा बांध सुटणे आणि तोचतोचपणाचा कंटाळा. हे धागे प्रत्येकाच्या ठायी सारखे जाड नसतात, हीच यातली मर्माची गोष्ट.

अ‍ॅलेक्स होनॉल्ड यांचेच उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन नावाचा सुमारे ३,००० फुटांचा कडा आहे. ३ जून २०१७ रोजी होनॉल्ड तो एकट्याने, दोराविना, चार तासांच्या आत चढून गेले. त्याआधीच त्यांच्या मेंदूची तपासणी झाली होती. भयाशी संबंधित असलेला मेंदूचा भाग विदारक चित्रे पाहूनही जवळजवळ हललाच नाही! एका माणसावरून सर्वांचा सिद्धान्त काढू नये, हे खरे. पण प्रश्नावलीने आणखी एक गोष्ट दाखविली : साहसाची ओढ पुष्कळ, उतावळेपणा मात्र थोडा. तीच वाट त्यांनी दोर बांधून पुनःपुन्हा घोटली होती. २०१६ साली ते दोराविना निघाले, आणि मन राजी होईना म्हणून परत फिरले. ज्याला परत फिरता येते, त्याला वेडा कसे म्हणावे?

तथापि नाण्याला दुसरी बाजू आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा ब्रिटिश अभ्यासात कसलेल्या आरोहकांनी सांगितले की, चढाई थांबली म्हणजे मन उदास होते, कशातच रस वाटत नाही. व्यसनी माणसाची अवस्था याहून फार निराळी नसते.

आपल्यापैकी कित्येकांची मुले सुटीच्या दिवशी दोर घेऊन सह्याद्रीत जातात. ती परत येईपर्यंत आईचा डोळा दाराकडे असतो. त्या मुलांना ‘भीती वाटत नाही का रे?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. विचारायचे ते हे : ‘अर्ध्या वाटेवरून कधी परत फिरलास का? आणि घरी बसावे लागले, तर तुझे मन कसे असते?’ या दोन उत्तरांत त्या मुलाची खरी ओळख आहे.