लहान कॅबिनेटचा हिशेब



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की तो बोनसवर, कायद्यावर, नाहीतर संपावर बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. चालकांनी मला या वर्षी विषयाचे स्वातंत्र्य दिले. आणि मी विषय कळवला तेव्हा ऐकण्यात काही चूक झाली नाही ना, याची त्यांनी फोन करून खात्री करून घेतली. विषय आहे संगणकाचे कॅबिनेट. आपल्या कचेऱ्यांतून ज्या पत्र्याच्या पेटीला सर्रास 'सीपीयू' म्हणतात, ती पेटी. वास्तविक सीपीयू हा तिच्या पोटातला काडेपेटीएवढा चपटा तुकडा. नाव त्याचे, ते पडले पेटीला. आणि विचार मात्र पेटीचा कोणी करीत नाही. सगळे सामान घेऊन झाले की दुकानदार विचारतो, "कॅबिनेट कुठले देऊ?" आपण म्हणतो, "द्या कुठलेही, स्वस्तातले."

मोठ्या पेटीच्या बाबतीत हे चालून जाते. चाळीस-पन्नास लिटरच्या उभ्या पेटीत बाजारातले जवळजवळ सगळे सामान मावते. पेटी लहान घ्यायची झाली की हा क्रम उलटा होतो. मग आधी पेटी ठरवावी लागते, आणि आत काय बसेल ते पेटी सांगते. मालकाने आधी कोठी बांधली आणि मग माणसे किती ठेवायची ते ठरवले, तसाच हा प्रकार.

लहान पेटी हवीच कशाला, असे कोणी विचारील. आमच्या युनियनची कचेरी दहा बाय बाराची आहे. तीत दोन टेबले, एक कपाट, आणि दुपारनंतर पंधरा माणसे. शिवाय सभासद नोंदणीच्या वेळी यंत्र कारखान्याच्या फाटकाशेजारी न्यावे लागते, आणि ते स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून जाते. लॅपटॉप का नाही? कचेरीतले यंत्र दहा हात हाताळतात, आणि आजच्या पुष्कळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डाला डाग देऊन जोडलेली असते. एक भाग बिघडला की सगळेच बिघडते. आम्हांला सुटे होणारे, जोडता येणारे यंत्र हवे होते.

आमच्याकडे पूर्वी एक लहान यंत्र होते. एका हितचिंतकाने 2019 साली देणगी दिलेले, एका नामांकित कंपनीचे, दिसायला देखणे. 2023 च्या पावसाळ्यात विजेचा झटका बसला आणि त्याचा एसएमपीएस जळाला. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज यंत्राला सोसेल अशी करून देणारा डबा. मोठ्या यंत्राचा कोणत्याही दुकानात मिळतो. पण या कंपनीने त्याचे माप स्वतःचे ठेवलेले, तारांची टोके स्वतःची, मदरबोर्डाची छिद्रेही स्वतःची. गावातल्या चारही दुकानदारांनी माना हलवल्या. सोमवारी ग्रॅच्युइटीच्या सतरा अर्जांची तारीख, आणि सगळी कागदपत्रे त्या पेटीत. सुदैवाने एसएसडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडता आली आणि अर्ज वेळेवर दाखल झाले. यंत्र मात्र गेले ते गेलेच. प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, मदरबोर्ड चांगला. आणि एका डब्यावाचून सगळे भंगारात. कंपनीला हे ठाऊक नव्हते असे मी मानीत नाही.

येथे मला एक जुनी गोष्ट आठवते. इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे स्क्रू वेगळे असत. या कारखान्याचा नट त्या कारखान्याच्या बोल्टाला बसत नसे. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या कारागिराने सर्वांसाठी आट्यांचे एकच प्रमाण सुचवले, आणि पुढे ते रूढ झाले. मी फिटर म्हणून काम शिकलो तेव्हा व्हिटवर्थ हे माणसाचे नाव आहे हे मला माहीत नव्हते. मला वाटे तो मापाचाच एक प्रकार. संगणकातही असेच घडले. इंटेल कंपनीने 1995 साली एटीएक्स नावाचे प्रमाण जाहीर केले: मदरबोर्ड 305 गुणिले 244 मिलिमीटर, छिद्रे अमुक ठिकाणी, मागची खिडकी अमुक मापाची. 1997 साली त्याचा धाकटा भाऊ आला, मायक्रो-एटीएक्स, 244 गुणिले 244. आणि 2001 साली तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स काढला, 170 गुणिले 170; साधारण पोळीएवढा. व्हिया ही इंटेलची प्रतिस्पर्धी; पण तिने आपल्या बोर्डाची चार छिद्रे एटीएक्सच्या छिद्रांशी जुळती ठेवली, म्हणून हा लहानगा बोर्ड मोठ्या पेटीतही बसतो. दोन प्रतिस्पर्ध्यांनी एका छिद्राच्या जागेवर एकमत राखले, त्यामुळे गल्लीतला मेकॅनिक आज धंदा करू शकतो. या प्रमाणांकडे मी करार म्हणून पाहतो. सही कोणी केलेली नाही. पण तो मोडला की गिऱ्हाइकाचे काय होते, ते आम्ही त्या सोमवारी पाहिले.

तेव्हा लहान पेटी निवडताना पहिला प्रश्न ती किती लहान हा नव्हे. तिच्यात बसणारे भाग करारातले आहेत की नाहीत, हा आहे.

आता लिटरांविषयी. या पेट्यांचा आकार लिटरांत सांगतात. लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरांत गुणावी आणि दहा लाखांनी भागावे. हिशेब सोपा आहे, म्हणूनच त्यात खुबी आहे. कूलर मास्टरची एनआर 200 ही 2020 साली आलेली पेटी घ्या. पुष्कळांनी घेतली आणि ती चांगली आहे. तिचा आकार 18.25 लिटर सांगतात. तो 360, 185 आणि 274 या मापांचा गुणाकार. पण यात पाय आणि बाहेर आलेले भाग धरलेले नाहीत. ते धरले की मापे होतात 376, 185, 292, आणि गुणाकार 20.3 लिटर. दोन लिटरांचा फरक! कंपनी दोन्ही मापे छापते, तिने लपवले काहीच नाही. पण जाहिरातीत कोणता आकडा येतो ते सांगायला नको. पगाराच्या वाटाघाटीत 'एकूण' आणि 'हातात' या दोन शब्दांमधले अंतर ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कल्पना यावी म्हणून सांगतो: पिण्याच्या पाण्याचा जो वीस लिटरचा जार येतो, तेवढी ही पेटी.

याहून लहान पेट्यांची कथा मला फार आवडते. मोठ्या कारखानदारांना लहान पेटीत रस नव्हता. तेव्हा काही हौशी मंडळींनी आपणच आराखडे काढले आणि वर्गणी जमवली. एनकेस एम 1 ही 12.6 लिटरची पेटी 2013 साली अशा लोकवर्गणीतून उभी राहिली. डॅनियल हॅन्सन नावाच्या एका जर्मन माणसाने डॅन ए 4 ही 7.2 लिटरची पेटी आखली, आणि 2016 साली तिलाही वर्गणीदार मिळाले. दोन्ही पेट्या तयार केल्या तैवानच्या लियान ली या पेट्यांच्याच कारखान्याने. म्हणजे पाहा, विखुरलेले गिऱ्हाईक एकत्र झाले, आगाऊ पैसे घेऊन उभे राहिले, आणि कारखान्याला आपल्याला हवी ती वस्तू करायला लावली. आम्ही याला संघटना म्हणतो. ते काय म्हणत असतील ते म्हणोत.

पण सात लिटरांत यंत्र बसवायचे म्हणजे प्रत्येक मिलिमीटर भांडून घ्यावा लागतो. डॅन ए 4 मध्ये मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून उभे राहतात, आणि मधून एक चपटी केबल जाते. प्रोसेसरच्या कूलरला उंची मिळते 48 मिलिमीटर. नेहमीचा उभा कूलर दीडशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. येथे तो विसरायचा आणि नॉक्टुआच्या 37 मिलिमीटरच्या चपट्या कूलरसारखा काही बसवायचा. आता या पेट्यांच्या परदेशी चाचण्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. समजा 25 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 75 अंशांवर राहिला. जळगावात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात कचेरीतले तापमान 42 असते. वारा तोच, पंखा तोच. मग प्रोसेसर नव्वदीच्या पुढे जाणार. पंचाण्णव ते शंभराच्या दरम्यान तो स्वतःच आपला वेग कमी करतो. जळत नाही, पण कुथत चालतो. ज्याने भट्टीपुढे पाळी काढली आहे त्याला यंत्राचा राग येणार नाही.

उष्णतेवर उपाय वारा, आणि वाऱ्याबरोबर येते धूळ. पेटीला जाळी हवी, आणि ती स्क्रू न खोलता काढून झटकता यावी. वारा आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवावेत, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. पेटीच्या पुढच्या बाजूला काच असेल तर ती शोभेची वस्तू समजावी.

त्या चपट्या केबलविषयीही बोलले पाहिजे. काही जुन्या केबली तिसऱ्या पिढीच्या वेगासाठी बनलेल्या असतात. नवे कार्ड चौथ्या पिढीच्या वेगाने बोलू लागले की यंत्र अडखळते, आणि बायॉसमध्ये जाऊन वेग मुद्दाम कमी करावा लागतो. हा झाला गैरसोयीचा भाग. धोक्याचाही एक आहे. एनझेडएक्सटी कंपनीची एच 1 ही लहान पेटी 2020 साली बाजारात आली. तिच्यात हीच जोडणी धरून ठेवणारा एक धातूचा स्क्रू विद्युत्पट्टीला घासून शॉर्ट सर्किट होऊ शकत होता. पेट्या तापल्याच्या, पेटल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने आधी नायलॉनचे स्क्रू पाठवले, म्हणजे पट्टी तीच, फक्त स्क्रू बदलायचा. टीका झाल्यावर पट्टीच बदलून देण्याची वेळ आली. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेत सुमारे 32 हजार पेट्यांसाठी सरकारी सुरक्षा आयोगामार्फत परतीची सूचना निघाली. अपघात झाला की आधी स्वस्त उपाय आणि मग खरा उपाय, हा क्रम आमच्या ओळखीचा आहे. परंतु तेथे एक आयोग होता आणि त्याने कंपनीचे नाव छापले, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

पत्र्याचेही सांगतो. पेटी घेताना आतल्या कडांवरून बोट हलकेच फिरवून पाहा. चांगल्या पेटीत कड दुमडलेली असते. स्वस्त पेटीत पत्रा प्रेसमधून कापला तसाच, विळीसारखा. आपण एकदा बोट कापून घेतो आणि पट्टी लावतो. तो पत्रा दिवसभर प्रेसखाली सरकवणाऱ्या माणसाच्या हातांचा विचार माझ्या मनातून जात नाही. चिंचवड-चाकणच्या प्रेसशॉपांतून बोटे गमावलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. असो.

मग आम्ही काय घेतले? कचेरीतल्या तरुण कार्यकर्त्यांना एनआर 200 हवी होती, आणि तिच्याविरुद्ध माझी तक्रार एकच होती. तिच्यात एसएफएक्स जातीचा एसएमपीएस लागतो: 125 गुणिले 100 गुणिले 63.5 मिलिमीटर. तोही करारातलाच आहे, कोणा एका कंपनीचा नव्हे. पण आमच्या गावात तो तयार मिळत नाही, मागवावा लागतो, आणि तेवढ्याच वॅटच्या साध्या एटीएक्सपेक्षा महाग पडतो. आमच्याकडे काय जळते? एसएमपीएस जळतो. मग जो भाग हमखास जाणार, तोच दुर्मीळ जातीचा का घ्यावा? यावर दोन बैठका झाल्या. शेवटी लियान ली ए 3 ही 2024 साली आलेली मायक्रो-एटीएक्सची पेटी ठरली. ती 26.3 लिटर आहे, तिला चारी अंगांनी जाळी आहे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा एटीएक्स एसएमपीएस तिच्यात बसतो. पंखे मात्र तिच्याबरोबर येत नाहीत; ते वेगळे घ्यावे लागतात, हे किमतीत धरावे. बोर्ड मायक्रो-एटीएक्स असल्यामुळे मिनी-आयटीएक्सपेक्षा स्वस्त पडला. ग्राफिक्स कार्ड आम्हांला नकोच होते; 65 वॅटचा, चित्राची सोय पोटातच असलेला प्रोसेसर घेतला. आठ लिटर जास्त गेले. स्कूटरवर गुडघे थोडे बाहेर काढावे लागतात.

ज्यांना चित्रफितींचे काम करायचे आहे, ज्यांना मोठे कार्ड लागणारच, आणि जे मुंबई-पुण्यात राहतात, त्यांनी एनआर 200 च्या वाटेने खुशाल जावे. तेथे एसएफएक्स मिळतो. फक्त कार्डाची लांबी पाहून थांबू नये. त्याची जाडीही मोजावी, कारण आजची कार्डे तीन खणांची जागा खातात. आणि लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर खिशात टेप न्या, आणि रविवारी जाऊ नका; बहुतेक दुकाने बंद असतात.

एक बारीक गोष्ट राहिली. या पेट्यांत दोन जातींचे स्क्रू येतात. एक जाड आट्यांचा, 6-32 नावाचा, इंचांच्या हिशेबातला; दुसरा बारीक आट्यांचा, एम 3, मिलिमीटरांतला. व्हिटवर्थनंतर पावणेदोनशे वर्षे झाली तरी एकाच पेटीत दोन देशांचे हिशेब नांदत आहेत. जाड स्क्रू बारीक छिद्रात दामटला की छिद्राचे आटे जातात, आणि मग तो भाग कायमचा हलत राहतो. म्हणून आम्ही कचेरीत दोन डब्या ठेवल्या आहेत आणि त्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत.