शनी आपल्या वहीत



आज आपण ग्रहांची चित्रं काढण्याबद्दल बोलू. दुर्बिणीला डोळा लावायचा आणि जे दिसतं ते पेन्सिलीनं कागदावर उतरवायचं. बचत गटाचा आणि याचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध आहे. गटाकडे कर्जाची मागणी येते ती बियाण्यासाठी, शेळीसाठी, मुलीच्या फीसाठी. आणि कधी कधी साडेसातीच्या शांतीसाठीही. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी. आम्ही एवढंच म्हणतो, ज्याच्या भीतीपायी व्याज भरायचं, तो शनी एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावा.

शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं, तीन राशींची मिळून साडेसात. बारापैकी तीन राशींना साडेसाती कायम चालूच असते. दहा जणींच्या गटात सरासरी दोन-तीन जणी निघतात. मग हप्ता थकला तर बोल शनीला लावायचा, की पावसाला आणि कापसाच्या भावाला?

आकाश आपल्याला परकं नाही. घड्याळ नव्हतं तेव्हा आपल्या आज्या तिकांडं कुठं आलं ते पाहून दळायला उठायच्या. म्हातारीची बाज आणि तिच्यामागचे तीन चोर आपण अंगणात पडून पाहिलेले आहेत. ग्रह तेवढे लहान दुर्बिणीतून पाहायचे राहिले.

नुसतं पाहिलं की विसरायला होतं. चित्र काढताना मात्र नजर थांबते, पुन्हा पुन्हा बघते. इटलीतल्या गॅलिलिओनं 1610 साली गुरूजवळचे चार ठिपके रोज रात्री कागदावर मांडले. ठिपके जागा बदलत होते, म्हणून ते गुरूचे चंद्र आहेत हे कळलं. शनीच्या दोन्ही बाजूंना त्याला फुगवटे दिसले, तेही त्यानं तसेच काढले. 1612 मध्ये ते दिसेनासे झाले, तर तेही लिहून ठेवलं. ती शनीभोवतीची कडी आहे, हे 1659 साली हायगेन्सनं सांगितलं. कडी आपल्याकडे काठानं आली की रेघेसारखी होते, लपते. 2025 मध्येही ती तशीच बारीक झाली होती. आपल्या गटाच्या वहीचा नियमही हाच आहे: जेवढं जमा झालं तेवढंच लिहायचं, मनाचं घालायचं नाही.

आता कृती. कागदावर बांगडी ठेवून गोल काढा. बॅटरीला पतंगाचा लाल कागद गुंडाळा, पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात. अंधारात वीस मिनिटं बसा, मग डोळा लावा. आधी ग्रहाचा आकार, मग पट्टे, मग शेजारचे ठिपके. गुरू दहा तासांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याचं चित्र दहा-पंधरा मिनिटांत उरका. बऱ्याच दुर्बिणींत चित्र उलटं दिसतं. दिसेल तसंच काढा. खाली तारीख, वेळ, गाव, आभाळ कसं होतं ते लिहा. आणि स्वतःचं नाव लिहा. नवऱ्याचं नको, तुमचं.

जर्मनीत न्युरेंबर्गला मारिया क्लारा आइमार्ट नावाची मुलगी होती. वडिलांच्या वेधशाळेत बसून तिनं 1693 ते 1698 या काळात चंद्राच्या कलांची निळ्या कागदावर साडेतीनशेच्या आसपास चित्रं काढली. ग्रहांचीही काढली. 1707 साली, एकतिसाव्या वर्षी, ती बाळंतपणात गेली. तिची काही चित्रं आजही इटलीत जपून ठेवलेली आहेत.

दुर्बीण विकत घ्यायची गरज नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांना आकाश दाखवते. आपल्या जिल्ह्यातही आकाशदर्शन घेणारी मंडळी आहेत. शाळेच्या गुरुजींना विचारा, गावात एक रात्र ठरवा. पोरींना रात्री बाहेर कसं पाठवायचं, हा प्रश्न येईलच. पाठवू नका, सोबत घेऊन जा. सगळा गट मिळून जा.

पुढच्या बैठकीला वहीचं एक पान कोरं ठेवा. त्यावर शनी काढू. शांतीचं कर्ज मागायला कुणी आली, तर आधी ते पान तिच्यापुढे ठेवू. मग ठरवायचं ते तिनं ठरवावं.