घाटातील वीज आणि संगणकांची जुनी घडण
(मंडळाच्या लोणावळे येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण हल्ली हिंजवडीस संगणक-कंपन्यांत नोकरीस आहेत. सुटीत घरी आले की त्यांची एक तक्रार कानी पडते : कंपनीच्या सॉफ्टवेअरची घडण जुनाट झाली आहे, परंतु ती बदला म्हटले की वरिष्ठ दाद देत नाहीत. या तक्रारीचा निवाडा करण्यास लोणावळ्याइतके योग्य स्थळ नाही, असे मला वाटते.

आपल्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. चढ १ ला ३७ इतका तीव्र. सबब खंडाळ्याखाली गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास जोडून, ती उलट दिशेने वर न्यावी लागे. ही खटपट १९२९ पर्यंत, म्हणजे ६६ वर्षे चालली. त्याच सुमारास घाटात वीज आली, ती १५०० व्होल्टची, डी.सी. पद्धतीची. पुढे १९५७ साली देशाने २५,००० व्होल्टची ए.सी. पद्धती पत्करली. दाब अधिक म्हणून प्रवाह कमी, त्यामुळे तार हलकी आणि उपकेंद्रे दूरदूर. लाभ उघड होता. तथापि मुंबई-पुणे मार्गावरील जुन्या विजेचा शेवटचा तुकडा बदलला २०१५ साली!

याला केवळ आळस म्हणावे काय? इंजिने, लोकल गाड्या, उपकेंद्रे, पुलांखालील मोकळी जागा, कामगारांच्या हातांची सवय, सारे त्या १५०० व्होल्टशी जुळलेले. शिवाय काम व्हावयाचे ते गाड्या चालू ठेवून. अखेर दोन्ही विजांवर चालणारी इंजिने व लोकल गाड्या तयार केल्या आणि एकेक तुकडा बदलत नेला. या दुभाषी इंजिनांचे कौतुक आपण प्रवाशांनी कधी केले नाही, ही गोष्ट वेगळी.

सॉफ्टवेअरचेही असेच आहे. एका जुन्या भागावर शेकडो कामे बसलेली असतात. काही तर त्याचे दोष गृहीत धरून बसलेली. आय.बी.एम. कंपनीने १९६४ साली सिस्टिम/३६० ही यंत्रमाला काढली, तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम पुढील पिढ्यांच्या यंत्रांवरही चालावेत, ही दक्षता ती कंपनी आजवर घेत आली. कारण गिऱ्हाइकांचा सारा हिशेब त्यांत होता. उलट नेटस्केप कंपनीने १९९८ साली आपल्या ब्राउझरचा गाभा नव्याने लिहावयास घेतला. नवी आवृत्ती बाहेर पडण्यास २००० सालचा नोव्हेंबर उजाडला, आणि मध्यंतरी बाजार मायक्रोसॉफ्टने काबीज केला.

म्हणून वरिष्ठांना मी सर्वस्वी निर्दोष मानतो, असे नव्हे. जुन्या घडणीचा जाणकार म्हणून ज्याचा मान आहे, त्यास ती मोडणे कसे रुचावे? आणि दिरंगाईची किंमत तो देत नाही; ती रात्री जागून दुरुस्त्या करणारी आपली मुले देतात. रेल्वेने निदान १९५७ नंतरची मोठी नवी कामे नव्या पद्धतीने केली. ज्या कंपनीत नवे कामही जुन्याच साच्यात ओतले जाते, तेथे तरुणांनी अवश्य भांडावे. मात्र भांडताना 'सारे पाडा' असे न म्हणता आपले दुभाषी इंजिन कागदावर मांडून न्यावे.

उद्या सकाळी वेळ असलेल्यांनी स्टेशनावर यावे. कर्जतहून गाडीमागे लागलेली बँकर इंजिने पाहावयास मिळतील. वीज बदलली, तरी त्यांचे काम सुटलेले नाही.