घराची जमीन : कोरडी, न घसरणारी आणि शांत
(महिला शेतकरी मेळाव्यातील भाषण)



दिवाळी सरली, सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की गावोगावी घरांची कामे निघतात. गवंड्याशी बोलणे होते ते भिंतींचे, स्लॅबचे आणि रंगाचे. जमिनीचा विषय अगदी शेवटी येतो. तोपर्यंत पैसे संपत आलेले असतात. मग तालुक्याच्या दुकानात जाऊन जी फरशी सर्वांत चकचकीत दिसेल ती पसंत केली जाते. आज मी तुमच्याशी या शेवटी राहून गेलेल्या विषयावर बोलणार आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे दुधाची जनावरे आहेत त्यांनी आपला गोठा आठवावा. गाय घसरू नये म्हणून कोबा ओला असतानाच आपण त्यावर रेघा ओढतो. मूत्र साचू नये म्हणून उतार देतो. गाईचे गुडघे दुखावू नयेत म्हणून आता पुष्कळजण रबरी मॅटही आणतात. हे सर्व योग्यच आहे. पण त्याच घरातील साठी-सत्तरीची आई मात्र आरशासारख्या टाईलवर ओल्या पायांनी चालते, आणि सून चार-चार तास उघड्या दगडावर उभी राहून स्वयंपाक करते!

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. २०१४ साली आम्ही आमच्या घरी अशीच फरशी बसविली. दुसऱ्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीतून देवघराकडे येताना घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण हातातील काठी शेवटपर्यंत सुटली नाही. फरशी आम्हीच हौसेने निवडली होती, आणि ती कोरडी असताना पाहून निवडली होती.

प्रथम जुन्या सारवलेल्या जमिनीविषयी दोन शब्द. ती पायाला उबदार लागते, आवाज करीत नाही, भांडे पडले तरी फुटत नाही. हे तिचे गुण मान्यच केले पाहिजेत. परंतु तिच्या भेगांत पिसवा, मुंग्या आणि वाळूमाशी यांना आसरा मिळतो. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा, लहान मुलांत मेंदूज्वर घडविणारा विषाणू १९६५ साली प्रथम सापडला. तो याच वाळूमाशीमार्फत पसरतो. शिवाय मातीच्या जमिनीत जंतांची अंडी टिकून राहतात, आणि रांगणारे मूल हात तोंडात घालतेच. मेक्सिको देशातील एका राज्यात २००० सालापासून गरिबांच्या मातीच्या जमिनींवर सरकारने सिमेंटचा कोबा करून दिला. त्या घरांतील मुलांची पुढे पाहणी झाली, तेव्हा जंतांचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशाने आणि जुलाबाचे जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. फरशी चकचकीत नव्हती. साधा कोबा होता. ज्यांना अजून सारवणच ठेवायचे आहे त्यांनी भेगा वेळीच बुजवाव्यात, आणि बाळंतिणीच्या खोलीत ताजे शेण वापरू नये, कारण धनुर्वाताचे जंतू जनावरांच्या शेणात असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. जमीन कोरडी राहील की ओलसर, फुटेल की टिकेल, वाजेल की गप्प बसेल, हे वरच्या फरशीपेक्षा तिच्या खालच्या थरांवर जास्त अवलंबून असते. आपल्या बायकांना हे नवीन नाही. हंड्याखाली चुंबळ कशासाठी घेतो? उखळाखाली गोणपाट दुमडून का ठेवतो? फरशीलाही अशी चुंबळ लागते.

सुरुवात जोत्यापासून करावी. जोते सभोवतालच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट उंच असावे. आत भराव घालताना पायाची निघालेली काळी माती परत आत लोटण्याचा मोह होतो, कारण ती फुकट असते. हा मोह टाळावा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तुमच्या शेतात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती घरात गेल्यावर वेगळी कशी वागेल? भरावाला मुरूम वापरावा. तोही एकदम न ओतता १५-२० सेंटिमीटरचा एकेक थर घालून, पाणी मारून, धुम्मसाने चोपावा. घाईत केलेला भराव दोन पावसाळ्यांत खचतो आणि फरशी खालून पोकळ होते.

मुरमावर १५ सेंटिमीटर जाडीचे दगडी सोलिंग हाताने रचून घ्यावे. याचे कारण शेतकऱ्याला पटकन कळेल. आपण कोळपणी करतो तेव्हा जमिनीतील बारीक केशनलिका तुटतात आणि खालची ओल वर येऊन उडून जात नाही. सोलिंग हेच काम करते. मातीतील बारीक छिद्रांतून पाणी समईच्या वातीतील तेलासारखे वर चढते, पण दगडांमधील मोठ्या फटी त्याला ओलांडता येत नाहीत. म्हणून सोलिंगच्या फटी मातीने ठासून भरू नयेत, जाड वाळू किंवा बारीक खडी वापरावी.

सोलिंगवर वाळूचा पातळ थर पसरून त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्याची जाडी निदान २५० मायक्रॉन हवी. मल्चिंगचा पातळ कागद येथे चालणार नाही, तो खडीच्या पहिल्या पाटीलाच फाटेल. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा चांगला तुकडा उरला असेल तर उत्तम. दोन तुकडे एकमेकांवर वीतभर चढवावेत आणि कडेला भिंतीलगत थोडे वर वळवावेत. त्यावर १० सेंटिमीटर जाडीचे १:४:८ चे काँक्रीट, आणि मग फरशी. कॅनॉलखालच्या खारवट, चोपण जमिनीच्या गावांनी तर हा कागद अजिबात चुकवू नये. तेथे ओलीबरोबर क्षारही वर चढतात, दरजांतून पांढरी पावडर फुटते आणि शहाबादीचे पापुद्रे सुटू लागतात. वरून कितीही घासले तरी हा रोग खालचा आहे.

जुन्या घरात ओल आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद फरशीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला दहिवर दिसले किंवा फरशी काळवंडली, तर ओल खालून येत आहे असे समजावे. अशा जमिनीवर हल्ली गुंडाळीने मिळणारी छापील रंगीत प्लॅस्टिकची चादर चिकटवू नये. ओल तिच्याखाली कोंडते, बुरशी धरते, आणि घरात दम्याचा रोगी असेल तर त्याला ती बाधते. लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांच्या फरशीचेही तेच. तिच्या पोटात दाबलेला भुसा असतो, पाणी लागले की ती फुगते. तिच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड नावाचा डोळ्यांना झोंबणारा वायूही निघतो. शेतकऱ्याच्या घराला ती मला तरी योग्य वाटत नाही.

मग वर काय घालावे? शहाबादी, तांदूर, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. खडबडीत बाजूने ते चांगली पकड देतात, पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. मात्र चिंच, लिंबू आणि संडास धुण्याचे ॲसिड यांनी त्यांचे तोंड जाते. कोटा फार घोटून घेऊ नये, ओला झाला की तोही घसरतो. व्हिट्रिफाईड टाईल पाणी शोषत नाही, डाग धरत नाही, पण तिची पॉलिश केलेली जात पाण्यात घात करते. दुकानात दोन-तीन टाईल जमिनीवर ठेवायला सांगा, त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि चप्पल काढून आपली टाच घासून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. काही खोक्यांवर आर-९ पासून आर-१३ पर्यंत आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. न्हाणी, मोरी, ओसरी आणि जिना या ठिकाणी खरबरीत फरशीच घ्यावी, आणि न्हाणीत दर मीटरला २ सेंटिमीटर उतार ठेवावा. पैसे कमी असतील तर खालचे थर सर्व घराचे पक्के करून वर नुसता कोबा करावा. टाईल चार वर्षांनी बसविता येते, सोलिंग नंतर घालता येत नाही. कोबा लहान-लहान चौकोनांत टाकावा म्हणजे भेगा आटोक्यात राहतात. शेवटी तो घोटताना वरून कोरडे सिमेंट भुरभुरण्याची गवंड्यांना सवय असते, ती करू देऊ नये. असा थर पुढे सुटतो आणि रोज झाडूबरोबर धूळ निघते.

आता आवाजाविषयी. पूर्वी एकमजली घरात हा प्रश्न नव्हता. आता वर थोरला मुलगा, खाली आई-वडील, आणि एखाद्या खोलीत दहावीची पोर अभ्यासाला, अशी घरे झाली आहेत. वर स्टूल ओढले की खाली डोक्यात जाते, आणि त्यावरून घरात शब्दाला शब्द वाढतो. बोलण्याचा आवाज जाड स्लॅब बराचसा अडवतो. पण पावलांचा, पाटा-वरवंट्याचा, पडलेल्या भांड्याचा हादरा स्लॅबमधूनच खाली उतरतो. त्याला अडवायचे तर टणक फरशी आणि स्लॅब यांच्यामध्ये काहीतरी मऊ हवे. शहरात रबराच्या किंवा बुचाच्या काही मिलिमीटर जाडीच्या चादरी फरशीखाली घालतात, आणि फरशी भिंतीला टेकू नये म्हणून कडेलाही तीच पट्टी सोडतात. कडेला टेकली की हादरा तेथून निसटतो आणि खर्च वाया जातो. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. तसे शक्य नसेल तर वरच्या खोलीत जाड सतरंजी किंवा जुनी घोंगडी अंथरावी, स्टुला-खाटांच्या पायांना रबरी टोप्या घालाव्यात. सतरंजी चिकटवू नये. आठ-पंधरा दिवसांनी उचलून उन्हात टाकावी. घरघंटी आणि शिवणयंत्र खालच्या मजल्यावर, भक्कम सोलिंगवर ठेवावे आणि त्यांच्या पायांखाली गोठ्यातल्या रबरी मॅटचा तुकडा द्यावा. तसाच एक तुकडा ओट्यासमोरही टाका.

कोणी म्हणेल, जुनी माळवदाची घरे किती शांत होती! होती खरी, कारण वर हात-दीड हात मातीचे ओझे होते. त्याच ओझ्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गाडली. म्हणून आवाज मारण्यासाठी वरच्या मजल्यावर वजन चढवू नये. ५ सेंटिमीटर मालावर इंचभर जाडीची शहाबादी घातली तर दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर भार होतो. दहा बाय बाराच्या खोलीत दीड टनाहून जास्त. वरच्या मजल्याला पातळ टाईल आणि चिकटविण्याचा तयार मसाला बरा. जुना स्लॅब असेल तर आधी अभियंत्याला दाखवावा.

फरशी बसविताना घरातील एका माणसाने जवळ बसावे. बहुतेक ठिकाणी माल फरशीच्या मध्यभागी टाकून चारी कोपरे रिकामे सोडले जातात. अशी फरशी पुढे कोपऱ्यात तुटते, तिच्याखाली मुंग्या घर करतात आणि चालताना टकटक वाजते. माल वाळल्यावर लाकडी काठीने एकेक फरशी ठोकून पाहावी. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजली तर खडूने फुली मारावी आणि गवंड्याचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ती उचलून पुन्हा बसवून घ्यावी. कोब्याला निदान ७ ते १० दिवस पाणी द्यावे. त्यावर ओले बारदान टाकून ठेवले तर पाणी कमी लागते. तोवर धान्याच्या कोठ्या आणि कपाटे आत आणू नयेत, मग वास्तुशांतीचा मुहूर्त चार दिवस पुढे गेला तरी चालेल.